हरलो तरी पुढची फेरी

दुबईहून आलेल्या माणसाला लोक त्या सगळ्यात उंच इमारतीबद्दल विचारतात. ती मी पाहिली, खालून, मान दुखेपर्यंत. पण त्या पन्नास दिवसांत माझं डोकं खरं अडकलं होतं ते युरोपातल्या फुटबॉलच्या पात्रता फेऱ्यांमध्ये. कऱ्हाडच्या शाळेत मी तीस वर्षं गणित शिकवलं. शाळेचं वेळापत्रकही मीच लावायचो. एका तासाला एका शिक्षकाचे दोन वर्ग कधी आले नाहीत. तरीही या फेऱ्यांचं कोडं मला अजून पुरतं उलगडलेलं नाही. जेवढं उलगडलं तेवढं सांगतो.

आम्ही गेलो होतो मुलीच्या साखरपुड्याला. आमची ऋचा फिजिओथेरपिस्ट आहे. पुण्यात शिकली, पुढच्या शिक्षणासाठी जॉर्जियाला, त्बिलिसीला गेली आणि तिथल्याच एका लहान गावातल्या फुटबॉल क्लबात नोकरीला लागली. क्लबचं नाव आम्हा दोघांना शेवटपर्यंत नीट म्हणता आलं नाही. घरात आम्ही त्याला ‘आपला क्लब’ म्हणत असू. मुलगा अमेय दुबईत अल बर्शाला राहतो. ठरलेला जावई, कौस्तुभ सबनीस, अबुधाबीत आई-वडिलांबरोबर अल रीम आयलंडवर. ऋचाला त्बिलिसीहून दुबई साडेतीन तासांवर आणि सबनीसांचा सगळा गोतावळा तिकडेच, म्हणून साखरपुडा दुबईतच करायचं ठरलं. दिवस ऑगस्टमधला पहिला शनिवार.

अल बर्शा

जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात आम्ही पोचलो. विमानतळाच्या दारातून बाहेर पडल्यावर पहिल्यांदा माझा चष्मा गेला. म्हणजे काचा वाफेने पांढऱ्या झाल्या आणि मी बायकोचा, नलिनीचा, हात समजून एका पठाण ड्रायव्हरचा दंड धरला. तो बिचारा ‘यल्ला, चला बाबाजी’ म्हणत मला त्याच्या टॅक्सीकडे नेऊ लागला. अमेय धावत आला म्हणून वाचलो.

तिथे उन्हाळ्यात आयुष्य आतल्या आत चालतं. घरातून लिफ्ट, लिफ्टमधून गाडी, गाडीतून मॉल. मला सकाळी फिरायची सवय, तर अमेयने मॉलमध्ये फिरायला सांगितलं. सकाळी तिथे माझ्यासारखीच म्हातारी माणसं बूट घालून बंद दुकानांसमोरून चकरा मारत असायची. कृष्णेच्या घाटावर फिरणाऱ्याला हे विचित्र वाटतं, पण चौथ्या दिवशी मी एका केरळच्या गृहस्थांना ‘गुड मॉर्निंग’ म्हणायला लागलो होतो.

ऋचाचा फोन रोज यायचा. तिचा क्लब आदल्या वर्षी त्यांच्या देशात पहिला आला होता, म्हणून चॅम्पियन्स लीगच्या पात्रता फेऱ्या खेळत होता. पहिली फेरी जिंकली होती. दुसऱ्या फेरीचे दोन सामने उरले होते, एक परक्या मैदानावर, एक घरी. दोन्हींचे गोल मिळवून निकाल. समोरचा संघ भारी होता. ती म्हणाली, “बाबा, तीस तारखेच्या बुधवारी आम्ही बहुतेक हरू. मग गुरुवारी निघते.”

माझ्या हिशेबात हे अगदी सरळ होतं. आमच्याकडे तालुक्याच्या कबड्डीत हरला तो संघ संध्याकाळच्या एसटीने घरी येतो. तेव्हा मी देवापुढे बसलो आणि आपला क्लब हरू दे, असं मागितलं. हे मी नलिनीलाही सांगितलं नाही.

बुधवारी क्लब हरला. मी साखरेच्या डब्याकडे हात नेला, तेवढ्यात फोन आला. ऋचाचा आवाज थकलेला होता. “बाबा, हरलो. म्हणून आता आम्ही युरोपा लीगच्या तिसऱ्या फेरीत गेलो.”

मी म्हटलं, “हरलात ना?”

“हो.”

“मग पुढे कसे गेलात?”

तिने काहीतरी सांगितलं, पण त्यात ‘चॅम्पियन मार्ग’ असा शब्द आला आणि मी पुरता हरवलो. समजलं ते एवढंच, की अजून दोन गुरुवार सामने आहेत आणि ती येऊ शकत नाही. नात आर्या शेजारी बसून आंबा खात होती. ती म्हणाली, “आजोबा, इट्स सिंपल. दे लॉस्ट, सो दे गेट अनदर चान्स.” नऊ वर्षांच्या मुलीला जे सोपं वाटत होतं ते मला पचेना.

अल कुसैस

कार्यक्रमाची जागा अल कुसैसला, इक्बालभाई परकारांच्या हॉटेलच्या वरच्या मजल्यावर ठरली होती. अमेय दुबईत नवा असताना त्यांच्याच इमारतीत चार जणांबरोबर खोली घेऊन राहायचा आणि त्यांच्याकडे जेवायचा. मूळचे रत्नागिरीजवळच्या खाडीकाठच्या गावचे. दुबईत पंचवीस-तीस वर्षं झालेली. तारीख बदलायची म्हणून मी एकटाच मेट्रोने निघालो. युनियन स्टेशनवर गाडी बदलायची होती. तिथे मी आधी बायकांच्या डब्यात चढलो, एका फिलिपिनो मुलीने हसून जमिनीवरची गुलाबी रेघ दाखवली, तसा उतरलो आणि गडबडीत उलट्या दिशेच्या गाडीत बसलो. पोचायला दीड तास जास्त लागला.

इक्बालभाईंनी आधी पाणी दिलं, मग सांदणं आणि नारळाचं गोड दूध. हे सांदण मी पहिल्यांदाच खात होतो. इडलीसारखं दिसतं, पण चव आपल्या घावन-रसाच्या जवळची. मी तारखेचं सांगितलं आणि कारण सांगताना माझीच बोबडी वळली. ते म्हणाले, “गुरुजी, कुठली फेरी? दुसरी? चॅम्पियन मार्गाची? मग तर ते युरोपाच्या तिसरीत पडले.” त्यांच्या हॉटेलात मोठा पडदा होता आणि त्यांना सगळं पाठ होतं.

त्यांनी बिलाच्या कागदामागे बाण काढून मला समजावलं. युरोपात पन्नासच्या वर देश. प्रत्येक देशाच्या क्लबांनी मागच्या पाच वर्षांत काय केलं त्यावर त्या देशाचा नंबर लागतो. वरच्या देशातला चौथा आलेला क्लबही थेट मुख्य स्पर्धेत जातो. खालच्या देशातला पहिला आलेला मात्र जुलैच्या उन्हात दारातच उभा राहतो आणि एकेक फेरी जिंकत आत शिरतो. मी म्हटलं, हा कुठला न्याय, आमच्या शाळेत तुकडी कुठलीही असो, पहिला तो पहिला. इक्बालभाई म्हणाले, न्याय म्हणूनच दोन मार्ग केलेत. छोट्या देशांचे विजेते एका मार्गाने, आपसांतच भिडतात. मोठ्या देशांतले दुसरे-तिसरे आलेले दुसऱ्या मार्गाने. निदान एखादा लहान तरी आत जावा.

“आणि हरलेल्याचं?”

“हरला की खालच्या स्पर्धेत उतरतो. चॅम्पियन्समधून युरोपा लीगमध्ये, तिथून कॉन्फरन्स लीगमध्ये. आता तुमच्या मुलीचा क्लब ज्या फेरीत आहे ना, गुरुजी, त्या मार्गात सगळे हरलेलेच आहेत. बारा हरलेले. त्यातले सहा जिंकतील.”

मी तो कागद घडी करून खिशात ठेवला आणि परतीच्या वाटेवर चार वेळा उघडला. बारा हरलेल्यांतले सहा जिंकणार, आणि हरलेले सहा पुन्हा दुसरीकडे जाणार. शिवाय पुढच्या फेरीची सोडत ही फेरी संपायच्या आधीच होते. म्हणजे समोर कोण येणार ते ‘अमक्या सामन्याचा विजेता’ किंवा ‘पराभूत’ असं लिहिलेलं. वेळापत्रकाच्या चौकटीत नावच नाही. असं वेळापत्रक मी लावलं असतं तर मुख्याध्यापकांनी मला घरी बसवलं असतं.

साखरपुडा दोन आठवड्यांनी, सोळा तारखेच्या शनिवारी ठरला. त्याआधीच्या गुरुवारी आपला क्लब पुन्हा हरला. सबंध सामन्यात मी काहीच मागितलं नव्हतं, कारण काय मागावं ते कळत नव्हतं. हरले म्हणून आता कॉन्फरन्स लीगची शेवटची पात्रता फेरी, आणखी दोन गुरुवार. आमच्या व्हिसाचे तीस दिवस संपत आले होते. अमेय सरकारी अर्ज भरून देणाऱ्या टायपिंग सेंटरमध्ये जाऊन आणखी तीस दिवस वाढवून आला. तिथल्या माणसाने मुक्काम कशासाठी वाढवताय विचारलं, तर अमेयने ‘फुटबॉल’ असं सांगितलं म्हणे.

अल रीम आयलंड

तारीख दुसऱ्यांदा बदलली, तेव्हा फोनवर सांगणं बरं दिसेना. आम्ही अबुधाबीला गेलो. दोन्ही बाजूंना वाळू, मधे रस्ता, आणि मैलोन्‌मैल सारख्या अंतरावर लावलेली खजुराची झाडं. त्या प्रत्येक झाडाच्या बुंध्याशी पाण्याची बारीक नळी आहे हे कळल्यापासून मला ती आपली वाटायला लागली.

सबनीसांचं घर एकतिसाव्या मजल्यावर. खिडकीतून खाली खारफुटीचं हिरवंगार खाजण दिसतं, कोकणातल्यासारखं, आणि पलीकडे समुद्र. सबनीसबाईंनी खजुराचे लाडू आणि साबुदाण्याचे वडे केले होते. बाई शांत, मोजकं बोलणाऱ्या. खाणं झालं, चहा झाला, आणि कप खाली ठेवून त्या म्हणाल्या, “पाटणकर सर, मला एक खरं सांगा. मुलीच्या मनात नक्की आहे ना? आम्ही दोनदा लोकांना बोलावलं, दोनदा नाही म्हणून कळवलं. हरले तरी यायचं नाही, जिंकले तरी यायचं नाही, हे मला समजत नाही.”

खिशात इक्बालभाईंचा कागद होता. तो काढून त्यांना ते बाण दाखवावेत असं वाटलं, पण त्यांचा प्रश्न बाणांचा नव्हता. आणि खरं सांगायचं तर तोच प्रश्न आठवडाभर मलाही छळत होता. हे फुटबॉल म्हणजे नुसता बहाणा तर नाही? नलिनी माझ्याकडे बघत होती. तिलाही तेच वाटत असावं. कौस्तुभ तेवढा मध्ये पडला. त्याने आईला सांगितलं की सामना सुरू असताना ऋचा कशी असते ते त्याला माहीत आहे, तो थांबेल. महिनाअखेरच्या शनिवारपर्यंत थांबू, असं ठरलं. त्यापुढे आठवडाभरात पितृपक्ष लागणार होता.

परत येताना गाडीतूनच मी ऋचाला फोन लावला आणि सरळ विचारलं. ती म्हणाली, “बाबा, मला कौस्तुभशीच लग्न करायचंय. पण इथे मी एकटी बाई आहे आणि एकटी परदेशी. सामने चालू असताना साखरपुड्याला गेले तर माझी जागा दुसऱ्याला देतील आणि म्हणतील, बघा, म्हणून बाई नको होती.” तिच्या आवाजात रडू नव्हतं. मला ते आल्यासारखं झालं. फोन ठेवल्यावर अमेय म्हणाला, हे तिने आधी का नाही सांगितलं. नलिनी म्हणाली, “आपण तारखेशिवाय काही विचारलं होतं का?”

पुन्हा अल कुसैस

गणपती बुधवारी आले. अल बर्शाच्या घरात शाडूची वीतभर मूर्ती, आरतीला शेजारची दोन पंजाबी कुटुंबं, आणि आर्याला ‘सुखकर्ता’ तोंडपाठ, अर्थ मात्र इंग्रजीतून सांगावा लागतो. गुरुवारी दुपारी दीड दिवसाच्या बाप्पांचं बादलीत विसर्जन केलं. सबनीस मंडळी दर्शनाला आली होती. संध्याकाळी ऋचाचा शेवटचा सामना. पहिला सामना परक्या मैदानावर दोन-एक असा गमावलेला. मीच म्हटलं, सगळे मिळून इक्बालभाईंकडे जाऊ, तिथे पडदा मोठा आहे, आणि हॉलचंही काय ते ठरवू. सबनीसबाई येतील असं वाटलं नव्हतं. आल्या.

जॉर्जियाचं आणि दुबईचं घड्याळ एकच. आठला सामना सुरू झाला. इक्बालभाईंनी आमच्यासाठी दोन टेबलं जोडली होती. मी या वेळी देवाकडे काही मागायचं नाही असं ठरवून गेलो होतो, पण पहिल्या पाच मिनिटांत माझ्या लक्षात आलं की मी आपल्या क्लबच्या बाजूने बसलोय. कधी बदललो ते सांगता येणार नाही.

सत्तराव्या मिनिटाच्या आसपास आपला गोल झाला. एक-शून्य. दोन्ही मिळून दोन-दोन. मी इक्बालभाईंना म्हटलं, परक्या मैदानावरचा गोल जास्त धरतात ना, अमेयने सांगितलं होतं, मग आपण जिंकलो. ते म्हणाले, “खलास, गुरुजी. तो नियम काढून टाकला. आता जादा वेळ.” मला एक नियम कसाबसा कळला होता, तोच नेमका रद्द झालेला निघाला.

जादा वेळेत गोल झाला नाही. शेवटची दोन-तीन मिनिटं उरली असताना आपला गोलकीपर पोटरी धरून खाली बसला. बदली खेळाडू सगळे वापरून झाले होते, हे इक्बालभाईंनी सांगितलं. पंचांनी हात केला आणि पडद्याच्या कडेने निळ्या कपड्यातली एक मुलगी खांद्यावर पिशवी घेऊन धावत आली.

एवढं जोरात धावताना मी तिला लहानपणीही पाहिलं नव्हतं. ती गुडघ्यावर बसली, त्या भल्यामोठ्या माणसाचा पाय उचलून स्वतःच्या खांद्याला लावला आणि पुढे झुकून दाबू लागली. तो ओरडत होता. ती त्याच्याशी काहीतरी बोलत होती, त्यांच्या भाषेत. हॉटेलातल्या लोकांना ती कोण ते माहीत नव्हतं. सबनीसबाई पडद्यावरची नजर न काढता कौस्तुभला म्हणाल्या, “हीच का रे आपली?”

तो म्हणाला, “हो.”

“केवढीशी दिसते त्याच्यापुढे.”

गोलकीपर उठला. पेनल्टीत त्याने दोन अडवल्या. दुसरी अडवली तेव्हा आपला क्लब जिंकला आणि इक्बालभाईंनी पूर्ण हॉटेलला चहा दिला. नलिनी डोळे पुसत होती. मी आनंदात होतो, आणि चहा अर्धा पिऊन होतो न होतो तोच पुढचा हिशेब आठवला. याच्या खाली उतरायला स्पर्धाच नव्हती, हरले असते तर ती मोकळी होणार होती. आता तर मुख्य स्पर्धेत गेले, डिसेंबरपर्यंत सामने. मी सबनीसबाईंकडे बघायचं टाळलं.

फोन साडेअकराला आला. मागे गाणी, ढोल, आरडाओरडा. अमेयने फोन सगळ्यांना ऐकू येईल असा टेबलावर ठेवला. ऋचाने सांगितलं ते पहिल्यांदा आम्हा कुणालाच कळलं नाही, म्हणून तिला दोनदा सांगावं लागलं. पात्रता फेऱ्या संपल्या. उद्या सोडत, मग पूर्ण वेळापत्रक छापून मिळेल. त्यांची पहिली लढत थेट ऑक्टोबरात. आणि सोमवारपासून राष्ट्रीय संघांचे सामने असल्यामुळे क्लबांना सुट्टी, म्हणून तिला आठ दिवस मोकळीक दिलीय. हरले असते तर प्रशिक्षकाची गच्छंती होती, आणि त्याच्याबरोबर कोण कोण जातं याची वाट बघत बसावं लागलं असतं.

मी टेबलावर हात टेकून विचारलं, “म्हणजे जिंकल्यामुळे येतेस?”

“हो बाबा. मंगळवारी.”

सबनीसबाईंनी पर्समधून छोटं कॅलेंडर काढलं. शुक्रवार चालेल का, असं त्यांनी इक्बालभाईंना विचारलं. शनिवारी अनंत चतुर्दशी, त्यापुढे पितृपक्ष. इक्बालभाईंनी त्या दिवशी कुणाचा तरी वाढदिवस होता तो खालच्या मजल्यावर ढकलला. सबनीसबाईंनी मग फोन स्वतःकडे ओढला आणि ऋचाला एवढंच म्हटलं, “तो पाय बरा आहे ना गं त्याचा?”

शुक्रवारी साखरपुडा झाला. जेवण शाकाहारी होतं. इक्बालभाईंनी त्यासाठी साताऱ्याकडचा एक आचारी कुठूनसा शोधून आणला होता आणि मधेमधे स्वतः वाढत होते. ऋचा हिरव्या पैठणीत आली तेव्हा तिच्या उजव्या तळहाताला पट्टी होती. कुणी विचारलं तर ती ‘काही नाही’ म्हणायची.

दोन दिवसांनी आम्ही पुण्यामार्गे कऱ्हाडला आणि ती त्बिलिसीला, अशी तिघांची विमानं तासाभराच्या फरकाने होती. नलिनी खजूर घ्यायला दुकानात शिरली, तेव्हा मी ऋचाला सांगून टाकलं की दुसऱ्या फेरीच्या वेळी मी देवाकडे तुमचा क्लब हरावा असं मागितलं होतं. वाटलं होतं ती चिडेल.

तिने माझ्या खांद्यावर डोकं टेकलं. मग म्हणाली, “बाबा, त्या दिवशी मीही तेच मागत होते. दोन महिने घरचं जेवले नव्हते.”

“मग?”

“मग आमचा एक जण पडला आणि मी धावले.”

तिच्या विमानाची घोषणा झाली. तिने खांद्याला पिशवी अडकवली आणि निघाली. गेटपाशी वळून हात केला. नलिनी खजुराची दोन पाकिटं घेऊन आली तेव्हा मी अजून त्याच खुर्चीत बसलो होतो. “गेली?” असं तिने विचारलं. मी मान हलवली आणि ऑक्टोबरातला पहिला सामना कितीला आहे ते तिला सांगितलं.